गोल्फ बॅगेची बैठक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलांची गोल्फ बॅग हॉलच्या कोपऱ्यात उभी असते. ढकलगाडीवर बांधायची, सपाट बुडाची, स्वतःचे पाय नसलेली बॅग आहे. केर काढताना धक्का लागला की कलंडते. मागच्या महिन्यात ड्रायव्हर नावाच्या लांब क्लबचा (गोल्फच्या काठीचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, टीपॉयवर आपटून चिरला. सुताराकडून लाकडी बैठक करून घ्यायची आहे. माप किती ठेवावे? जड लाकूड घ्यावे का?
— एक वाचक, येरवडा, पुणे

उत्तर: जडपणाचे नंतर पाहू, आधी रुंदी ठरवा. समई उंच असूनही सहसा पडत नाही, कारण तिचे बूड पसरट असते आणि वजनही बरेचसे तिथेच असते. गोल्फ बॅगेचे नेमके उलटे. क्लब मुठीकडून आत जातात आणि डोकी वर राहतात, म्हणजे जड भाग सगळ्यात उंच आणि बूड जेमतेम २५ सेंमीचे.

आकडे मांडून पाहू. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. एवढा पूर्ण सेट साधारण साडेपाच किलो भरतो. त्यांचा मिळून तोल बुडापासून ७० ते ७५ सेंमीवर असतो. रिकामी बॅग ३ किलो, आणि चेंडू, बूट, छत्री, पाणी मिळून साडेतीन किलो धरा. एकूण १२ किलो होतात आणि सगळ्याचा गुरुत्वमध्य सुमारे ५४ सेंमीवर येतो. तिथून ओळंबा सोडला असे समजा. तो बुडाच्या आत पडतो तोवर बॅग परत जागेवर येते, कडेबाहेर गेला की पडते. बुडाची कड मध्यापासून साडेबारा सेंमीवर, म्हणजे बॅग १३ अंश झुकली की संपले. वरच्या कडेला पावणेदोन किलोचा रेटा त्याला पुरतो. एवढा रेटा केरसुणीचा दांडाही देतो.

तुमच्या बॅगेचा गुरुत्वमध्य घरीच मोजा. क्लब घसरू नयेत म्हणून तोंडाशी टॉवेल कोंबा, भरलेली बॅग एका गोल पाइपवर आडवी ठेवा आणि पुढेमागे सरकवा. जिथे दोन्हीकडे समतोल राहील तिथपर्यंतचे बुडापासूनचे अंतर टेपने घ्या. ते ५४ ऐवजी ६० भरले तर बैठकही त्या प्रमाणात रुंद करा.

घरात किमान २० अंशांपर्यंत बॅग परत यावी असे धरले, तर पायांची ओळ मध्यापासून २१ सेंमीवर हवी. म्हणून ४५ बाय ४५ सेंमीचा, १८ मिमी जाडीचा प्लाय घ्या. चारही कोपऱ्यांत २५ मिमी व्यासाचे आणि २० मिमी उंचीचे रबरी पाय बसवा. पायाचा मध्य दोन्ही कडांपासून १५ मिमी आत ठेवा. इथेच सुतार हमखास चूक करतो: पाय दिसू नयेत म्हणून तो ते पाच-पाच सेंमी आत घेतो. मग पाट ४५ चा असला तरी बैठक ३५ चीच उरते, कारण बॅग पायांच्या ओळीवरून कलंडते, पाटाच्या कडेवरून नव्हे. कोपरे बोटांना लागू नयेत म्हणून गोल करा, पण २० मिमीपेक्षा जास्त नको. गोलाई वाढली की पायही आत सरकवावे लागतात.

नुसता पाट करून मात्र काहीच साधत नाही. पाटावर मोकळी ठेवलेली बॅग आपल्याच २५ सेंमीच्या बुडावर कलंडते आणि पाट जागच्या जागी राहतो. बॅग पाटाशी जखडली जाईल तेव्हाच रुंदीचा उपयोग. त्यासाठी मागे एक कमान लागते. १९ मिमी व्यासाचा, १६ गेजचा लोखंडी पाइप उलट्या 'यू' आकारात वाकवून घ्या, उंची ७३ सेंमी आणि रुंदी २० सेंमी. वरच्या आडव्या भागाच्या मध्यावर २५ बाय ५ मिमी पट्टीचा अर्धगोल वेल्ड करा. आतली रुंदी २६ सेंमी हवी असेल तर सुमारे ४२ सेंमी पट्टी लागते. ७३ सेंमी उंची ठेवण्याचे कारण म्हणजे त्याच्या खाली बॅगेचे खिसे फुगलेले असतात. खिसे संपल्यावरची मान तेवढी सारख्या आकाराची. आपल्या बॅगेची मान मोजून त्यात एक सेंमी वाढवा.

पूर्ण गोल कडे करू नका. १२ किलोची बॅग पाऊण मीटर उचलून कड्यात सोडणे दोन दिवस जमते, तिसऱ्या दिवशी बॅग कड्याबाहेरच ठेवली जाते. अर्धगोलात ती समोरून सरकते. पुढून बकलचा पट्टा आवळा. पट्टीच्या आतून ५ मिमीचा फोम किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, नाहीतर बॅगेचे कापड घासून फाटते.

बॅग ताठ उभी करण्यापेक्षा सहा अंश मागे रेललेली बरी, पुढे पडण्याची ओढ राहत नाही. पण रेलली की गुरुत्वमध्य साडेपाच-सहा सेंमी मागे जातो. म्हणून बुडाचा मध्य पाटाच्या मध्यापासून ६ सेंमी पुढे घ्या आणि बुडापुढे २० मिमीची लाकडी पट्टी ठोका, म्हणजे बूड घसरणार नाही. कमानीच्या पाइपांचा मध्य मागच्या कडेपासून साडेसहा सेंमीवर येतो. कमान गुण्या लावून काटकोनातच उभी करा. रेलायचे ते बॅगेने.

पाइपांच्या खाली ६० बाय ६० बाय ५ मिमीच्या चकत्या वेल्ड करा आणि प्रत्येकीला चार एम-६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट आरपार घाला. लाकडी स्क्रू नकोत. कमानीच्या टोकाला पाच किलोची ओढ बसली की तळाशी एकेका चकतीवर तीस-चाळीस किलोचा उपट येतो. प्लायमधले स्क्रू तो दोन-चार महिने सोसतात, मग भोके मोठी होतात.

आता तुमचा जड लाकडाचा प्रश्न. हा प्लाय अडीच किलोच्या आत भरतो, कमान पावणेदोन किलोची. सगळे मिळून १६ किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४९ सेंमीवर आणि कलंडण्याचा कोन २३ अंश. रेटा पावणेचार किलोच्या पुढे लागतो, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी सागवान लागत नाही.

झाल्यावर परीक्षा घ्या. एक मीटर लांबीच्या फळीवर बैठक बॅगेसकट उभी ठेवा, खालच्या कडेला घसरू नये म्हणून पट्टी ठोका आणि फळीचे दुसरे टोक उचला. ३४ सेंमी उचलल्यावर २० अंश होतात. तोवर बॅग उभी राहिली पाहिजे. चारही बाजूंनी करा, आणि खिसे रिकामे ठेवून एकदा करा. खिसे रिकामे असले की डोक्यांचेच वजन उरते आणि गुरुत्वमध्य वर चढतो. म्हणूनच चेंडू आणि बूट खालच्या खिशात ठेवायची सवय चांगली.

प्रश्न: एका गोल्फ प्रशिक्षण केंद्रासाठी दहा स्टँड बनवायचे आहेत. तीन पायांचा स्टँड कुठेही डगमगत नाही, म्हणून तीन पाय सुचवले आहेत. तळाला ५ मिमीची लोखंडी प्लेट लावणार आहे. योग्य होईल का?
— फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारे वाचक, भोसरी

उत्तर: प्लेट लावा, तीन पाय लावू नका. तिवई डगमगत नाही हे खरे, पण डगमगणे वेगळे आणि कलंडणे वेगळे. एकाच वर्तुळावर चार पाय बसवले तर मध्यापासून कडेचे अंतर त्रिज्येच्या सात-दशांश असते, तीन बसवले तर निम्मेच. पहिल्या उत्तरातल्या मापाने ४५ बाय ४५ सेंमीची घेतलीत तर तुमची प्लेट सुमारे ८ किलो भरते. तिच्यावर चार पायांनी कलंडण्याचा कोन ३० अंश मिळतो, त्याच वर्तुळावर तीन पाय घेतले तर २२. तीन पायांनी चारइतकी बैठक हवी असेल, तर पायांमधले अंतर पाऊण मीटरच्या जवळ न्यावे लागते. असे दहा स्टँड ओळीत ठेवले तर प्रशिक्षणार्थींना चालायला जागा उरणार नाही. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात तेही याच हिशेबाने.

डगमग घालवायची तर चारपैकी दोन पाय एम-८ च्या आट्यांचे, खालीवर फिरणारे घ्या. ते एकाच बाजूला लावा.

प्लेटचा खरा त्रास वेल्डिंगमध्ये आहे. कमानीचे पाइप थेट प्लेटवर सलग वेल्ड केले की ५ मिमीची प्लेट ओढली जाते आणि मागची कड दोन-तीन मिमी उचलते. आधी समोरासमोर टॅक (वेल्डचे छोटे टाके) मारा, गुण्या लावून पाहा, मग २० मिमीचे तुकडे आलटून पालटून घ्या आणि मध्ये गार होऊ द्या. पाण्याने गार करू नका. प्लेटची कड ग्राइंडरने मारलीत तरी रबरी पट्टी लावाच, केंद्रात मुले वावरतात. नकाशाप्रमाणे पहिला एकच स्टँड करून त्यांच्या सगळ्यात मोठ्या बॅगेवर तपासा. व्यावसायिक खेळाडूंच्या धर्तीच्या मोठ्या बॅगा रिकाम्याच पाच किलोच्या आसपास असतात आणि त्यांची मान २६ सेंमीच्या अर्धगोलात बसत नाही.

प्रश्न: माझी दोन पायांची स्टँड बॅग उतारावर कोसळते. अलीकडे पायही पूर्ण उघडत नाहीत. बुडाला मोठी चकती चिकटवू का?
— एक वाचक, खारघर

उत्तर: चकती मुळीच नको. या बॅगेचे बूड दोन भागांचे असते आणि पुढचा भाग बिजागरीवर हलतो. बॅग पुढे झुकवली की तो जमिनीवर दाबला जातो, त्याला जोडलेली पोलादी तार वर सरकते आणि वरच्या सांध्यातून पाय बाहेर फेकले जातात. चकती चिकटवली की बिजागरी बंद, म्हणजे पायही बंद.

पाय अर्धवट उघडण्याचे कारण बहुधा त्या फटीतला चिखल आणि गवत. जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने फट साफ करा, वाळू द्या. तेल लावू नका, त्यावर माती आणखी चिकटते. तरीही उघडत नसतील तर तार पाहा. गाडीच्या डिकीत बॅग दाबून कोंबली की ती वाकते किंवा क्लिपमधून निसटते. निसटली असेल तर हाताने परत बसते. वाकलेली तार सरळ केली तरी त्याच जागी पुन्हा वाकते, बदललेली बरी.

उतारावरचे कारण दुसरे. बूड आणि दोन पाय मिळून त्रिकोण होतो आणि तो बुडाकडे निमुळता असतो. बॅगेचा ओळंबा साधारण या त्रिकोणाच्या मध्यावर पडतो, तिथे दोन्ही बाजूंना जागा थोडी. एक पाय उताराच्या वर आणि एक खाली अशी बॅग ठेवलीत तर ती नेमकी कमकुवत बाजूला झुकते. दोन्ही पाय उताराच्या खालच्या दिशेला करून ठेवा. पाय वरच्या दिशेला केले तर बॅग जास्त ताठ होते, बिजागरीवरचा दाब कमी होतो आणि वाऱ्याच्या झोताने पाय मिटून ती मागे जाते. ग्रीनजवळ (भोकाभोवतीच्या कापलेल्या हिरवळीजवळ) दोन पावले चालून सपाट जागा शोधणे या सगळ्याहून सोपे. हीच बॅग ढकलगाडीवर बांधताना पायांचा पट्टा आवळायला विसरू नका, गाडीच्या तळाने बिजागरी दाबली जाऊन पाय चालता चालता उघडतात.

प्रश्न: पावसाळ्यात बॅगेच्या बुडाला बुरशी येते. आमच्याकडे समुद्राची हवाही आहे. बैठक कशाची करावी?
— एक वाचक, मिरामार, पणजी

उत्तर: ओल्या मुठींचे पाणी निथळून बुडाशी साचते आणि सपाट पाटावर ते वाळत नाही. पाटावर १० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या ठोका आणि बूड त्यांवर टेकवा. पट्ट्यांमध्ये १२ मिमीची चार भोके पाडा. प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीचा घ्या. कापलेल्या कडा आणि भोकांच्या आतल्या बाजूही वॉर्निशने बंद करा, पाणी शिरते ते तिथूनच. कमान ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची करा. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड आणि रंग दिला तरी किनाऱ्यावर वेल्डच्या जागी गंज फुटतोच. खेळून आल्यावर क्लब काढून, खिसे उघडून बॅग रात्रभर पंख्याखाली ठेवा.

प्रश्न: पहिल्यासारखीच बैठक केली आहे, पण फरशी पुसताना सरकवता यावी म्हणून चार फिरती चाके लावायची आहेत. चालेल?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर: चार फिरत्या चाकांनी केलेले काम वाया जाईल. बैठक पाच-सहा सेंमी उंच होते. शिवाय चाकाची चकती बसवायला ते आत घ्यावे लागते आणि चाक फिरून आतल्या बाजूला वळले की टेकण्याची जागा आणखी अडीच-तीन सेंमी आत जाते. ४२ सेंमीची बैठक ३२ च्या आसपास येते. त्याऐवजी मागच्या कडेला न फिरणारी दोन छोटी चाके लावा, बैठक सरळ उभी असताना ती जमिनीपासून ३ मिमी वर राहतील अशी. कमान धरून मागे झुकवले की चाके टेकतात आणि प्रवासाच्या बॅगेसारखी ती ओढता येते. झुकवण्याआधी पुढचा पट्टा आवळलेला आहे ना, ते पाहा.