राजवाड्याकडे पायी जाताना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात इंदूरच्या जुन्या बाजारातील रस्ते, पार्किंग आणि पायी चालणारा माणूस यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण बाजार सुधारण्याची बोलणी बहुधा त्याच मुद्द्यावर येऊन अडतात.

प्रश्न : आमचे साड्यांचे दुकान सीतलामाता बाजारात तीन पिढ्यांपासून आहे. राजवाड्याच्या परिसरात दिवसा खासगी वाहने बंद करावीत, असे आपण सुचवता. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला पाच-सहा माणसे एकत्र येतात, त्यांत वयस्कर मंडळी असतात आणि परतताना सर्वांच्या हातांत पिशव्या असतात. गाडी दुकानापर्यंत आली नाही, तर हे गिऱ्हाईक मॉलकडे वळेल. आमचे नुकसान कोण भरून देणार? (एक व्यापारी, सीतलामाता बाजार)

उत्तर : आपली भीती मी मुळीच हलकी समजत नाही, ज्याचे पोट त्या ओट्यावर चालते त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एक विनंती मात्र आहे. पुढच्या शनिवारी दुकान उघडल्यावर समोर उभ्या असलेल्या दुचाकी कोणाच्या आहेत, ते एका वहीत लिहून ठेवावे आणि दर तासाला पुन्हा पाहावे. बाजारांत हमखास दिसते ते असे की, सकाळी शटर वर गेल्याबरोबर मालकाची गाडी, मग मुनिमाची, मग दोन-तीन सेल्समनच्या गाड्या ओट्याला लागून उभ्या राहतात आणि रात्री शटर खाली येईपर्यंत हलत नाहीत. सकाळी अकरा ते रात्री नऊ असे दहा तास एकाच गाडीने अडवलेली जागा गिऱ्हाइकाच्या उपयोगाची राहत नाही. तीच जागा तासाभराच्या खरेदीसाठी मोकळी असती, तर दिवसात दहा गिऱ्हाइकांना मिळाली असती. आज आपले गिऱ्हाईक दुकानासमोर गाडी लावते असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ते दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून, वाहनांमधून अंग चोरत, लहान मुलाचा हात घट्ट धरून आपल्यापर्यंत येत असते. म्हणजे चालण्याचा त्रास ते आजही सोसतेच, फक्त त्याला चालायला धड जागा नाही.

चालणे इंदूरकरांना मानवत नाही, असेही अनेकदा ऐकू येते. तसे वाटणाऱ्याने रात्री सराफ्यात यावे. दिवसा सोन्या-चांदीच्या पेढ्या असलेली ती गल्ली, पेढ्या बंद झाल्या की भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या ठेल्यांनी भरते आणि घरातली आजीही तेथे चालतच येते. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांना, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीला तर अवघे शहर पायी असते. छप्पन दुकानांसमोरील रस्त्यावर वाहने बंद केली तेव्हाही पुष्कळ शंका होत्या. आज त्या ठिकाणी संध्याकाळी बसायला जागा शोधावी लागते. मात्र त्या उदाहरणावर मी फार भर देणार नाही, कारण खाण्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक आणि बस्त्याचे गिऱ्हाईक यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

आपल्या व्यवसायाला अधिक जवळचे उदाहरण दिल्लीच्या चांदणी चौकाचे आहे. तेथेही लेहंगे, साड्या, दागिने आणि लग्नाची खरेदी हाच मुख्य धंदा आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे 1.3 किलोमीटरचा रस्ता 2021 मध्ये नव्याने घडवला गेला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळात मोटारवाहनांना बंद केला गेला. माल उतरवण्यासाठी रात्रीची वेळ मोकळी ठेवली आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी सायकल रिक्षा ठेवल्या. कोपनहेगनमधील स्ट्रॉगेट हा मुख्य बाजाररस्ता 1962 मध्ये वाहनांना बंद झाला, तेव्हा तेथील दुकानदारांनीही असाच विरोध केला होता. आज तो युरोपातील नावाजलेल्या बाजाररस्त्यांपैकी एक आहे.

म्हणून व्यापारी संघाने नुसता विरोध नोंदवण्यापेक्षा अटी घालाव्यात, असे मला मनापासून वाटते. माल उतरवण्याची वेळ पक्की आणि लिखित असावी. वयस्कर गिऱ्हाइकाला उतरवून देण्यासाठी बाजाराच्या प्रत्येक तोंडाशी थांबा असावा आणि तेथून आत ठरावीक भाड्याची ई-रिक्षा मिळावी. स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि बसायला बाक असावेत, कारण बस्ता चार-चार तास चालतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंब यांना वाट कायम मोकळी राहावी. हे सर्व तयार झाल्याशिवाय केवळ लोखंडी अडथळे आणून ठेवले, तर आपला विरोध रास्तच ठरेल आणि मी आपल्या बाजूने लिहीन.

प्रश्न : आम्ही रामबागेत राहतो. यजमान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. पदपथावर चढणे-उतरणे त्यांना जमत नाही, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेने चालतो आणि वाहनवाल्यांची बोलणी खातो. पदपथ इतके उंच का बांधतात? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, आपले पत्र वाचताना मला माझे वडील आठवले. त्यांच्याबरोबर बाजारात जाताना, पदपथाची पायरी आली की ते आधी काठी खाली टेकवत, मग माझा दंड धरत, मग उजवा पाय खाली ठेवत आणि डावा त्याच्याशेजारी आणून क्षणभर थांबत. पाच-सहा दुकाने ओलांडली की पुढच्या दुकानाचा उतार येई, त्यानंतर विजेची डीपी, त्यानंतर कपडे घातलेला पुतळा. चौथ्या पायरीला ते म्हणाले, ‘रस्त्यानेच जाऊ या.’ त्या दिवसापासून पदपथाकडे मी त्यांच्या गुडघ्यांच्या नजरेने पाहतो.

इतका उंच पदपथ बांधावा असे कोणताही नियम सांगत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, निवासी भागात चालण्यासाठी किमान 1.8 मीटर आणि बाजारात 2.5 मीटर रुंदी पूर्ण मोकळी असावी. येथे मोकळी हा शब्द महत्त्वाचा आहे. खांब, झाड, डीपी आणि फलक यांची जागा त्या मापात धरायची नसते. प्रत्यक्षात रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, पावसाचे पाणी दुकानात शिरू नये म्हणून पदपथ आणखी उंच केला जातो आणि मग प्रत्येक दुकानदार गाडी चढवण्यासाठी स्वतःचा उतार बांधतो, त्यामुळे पदपथाचा जिना होतो. उपाय अवघड नाही. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढावा. बोळाच्या तोंडाशी पदपथ तोडू नये, तो त्याच पातळीवर पुढे न्यावा आणि बोळात शिरणाऱ्या वाहनाने चढून उतरावे. जेथे उतरणे अटळ आहे, तेथे एकास बारा या प्रमाणात उतार द्यावा, म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंचीसाठी 1.8 मीटर लांबीचा, ज्यावरून चाकाची खुर्चीही जाते.

रस्ता ओलांडण्याचेही असेच गणित आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो असे धरतात. त्या हिशेबाने बारा मीटरचा रस्ता ओलांडायला दहा सेकंद लागतात. गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालला, तर त्याला पंधरा सेकंद हवेत. ते जास्तीचे पाच सेकंद कोणी द्यायचे, याचा निर्णय आजवर नेहमी वाहनांच्या बाजूने होत आला आहे. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, चालण्याजोगे आणि अपंगांना वापरता येतील असे पदपथ मिळणे हा घटनेच्या कलम 21 खालील हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले आहे. शिवणाच्या डब्यातील टेप घेऊन आपल्या रस्त्यावरच्या पायरीची उंची मोजावी, टेपसह छायाचित्र काढावे आणि माप लिहून प्रभागाच्या नगरसेवकाकडे व निगमाच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. ‘पदपथ खराब आहे’ या वाक्याला उत्तर टाळता येते. ‘पायरी 29 सेंटिमीटर आहे, नियमाप्रमाणे 15 हवी’ अशी नोंद असली की ते टाळणे कठीण जाते.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. रस्ते रुंद करून आणि बहुमजली पार्किंग बांधून हा प्रश्न कायमचा सुटणार नाही का? (लोकमान्यनगर)

उत्तर : आपण अभियंता होणार आहात, म्हणून आधी हिशेब मांडू. एका मोटारीला उभे राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. येण्या-जाण्याची वाट धरली तर उघड्या मैदानात सुमारे 23 चौरस मीटर आणि तळघरात सुमारे 32 चौरस मीटर. दहा फूट बाय दहा फुटांचे दुकान सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास असते. म्हणजे तळघरातील एका मोटारीच्या जागेत तीन दुकाने बसतात आणि त्या तीन दुकानांवर किती कुटुंबे जगतात, ते आपण मोजू शकता. आता बारा मीटर रुंदीचा बाजाररस्ता घ्या. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या केल्या तर पाच मीटर गेले, 1.8 मीटरचे दोन पदपथ दिले तर आणखी 3.6 मीटर गेले, उरलेल्या 3.4 मीटरमध्ये दोन दिशांची वाहतूक मावत नाही. सध्या या हिशेबातून पदपथ वगळून गणित जुळवले जाते.

बहुमजली पार्किंगला माझा सरसकट विरोध नाही, पण समोरच्या रस्त्यावर गाडी फुकट लावता येत असताना पैसे देऊन तिसऱ्या मजल्यावर कोणी जात नाही. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात, पार्किंगचे शुल्क त्या जागेच्या खऱ्या किमतीला धरून असावे असे म्हटले आहे. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी त्यासाठी एक सोपा निकष दिला : शुल्क इतके ठेवावे की दर सात जागांपैकी साधारण एक नेहमी रिकामी राहील. मग जागा शोधत त्याच चौकाला तीन-तीन फेऱ्या मारणारी वाहने कमी होतात आणि रस्ता रुंद न करताच मोकळा वाटू लागतो. रस्त्यावर शुल्क जास्त आणि इमारतीत कमी, असा क्रम लावला तरच बांधलेली इमारत उपयोगी पडते. जमा होणारा पैसा त्याच बाजाराच्या पदपथांवर आणि दिव्यांवर खर्च करावा, म्हणजे शुल्क देणाऱ्याला तो कोठे गेला ते दिसते.

रुंदीकरणाच्या बाबतीत आपल्याच शहराचा इतिहास वाचावा. महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते आणि त्यांनी 1918 मध्ये दोन भागांत आपला अहवाल सादर केला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडण्याच्या पद्धतीला त्यांचा कडवा विरोध होता. पडके घर तेवढे काढावे, तेथे लहान चौक करावा, झाड लावावे, अडलेली गल्ली थोडी सैल करावी आणि बाकीची वस्ती जपावी, असे त्यांचे सांगणे होते. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि जेथे लोक जास्तीत जास्त घरे झाडून दुरुस्त करतील, त्या मार्गाने ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी खरोखर घरे झाडली. आदेशाची वाट न पाहता गल्ली स्वतःहून कशी कामाला लागते, हे त्यांनी आपल्याच वस्तीत दाखवले. जुन्या बाखळीतील, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतील, घराचा दर्शनी भाग एकदा कापला, की ती लाकडी गॅलरी आणि तो ओटा पुन्हा उभा राहत नाही. रुंद झालेली पट्टी मात्र थोड्याच दिवसांत पार्किंगने भरून जाते.

प्रश्न : पदपथ मोकळे करायचे म्हटले की आधी फेरीवाल्यांना हटवतात. हे योग्य आहे का? (एक शिक्षिका, नारायण बाग)

उत्तर : योग्य नाही, आणि कायद्यालाही धरून नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे लागते आणि शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच प्रतिनिधी असावे लागतात. त्या सर्वेक्षणाआधी कोणाला उठवता येत नाही. माझ्या अनुभवात दिवाळीपूर्वी टोपली मांडून बसलेली रांगोळीवाली दीड मीटर जागा घेते आणि तिच्या मागून माणूस सहज जातो. त्याच पदपथावर चढवलेली मोटार मात्र सगळी वाट बंद करते. गाडी आधी उतरवावी, मग भिंतीपासून अडीच मीटर चालण्यासाठी सोडून कडेला पांढरी रेघ मारावी आणि रेघेपलीकडे, रस्त्याच्या बाजूला, विक्रेत्यांच्या जागा आखून प्रत्येकीवर क्रमांक लिहावा.