बीपीची गोळी चालू असताना क्लास वन मेडिकल

तू विचारलंस ते असं: वैमानिक व्हायचंय, वय २३, क्लास टू (शिकाऊ वैमानिकाचं मेडिकल) झालं तेव्हा बीपीची गोळी नव्हती, आता सहा महिने टेल्मिसार्टन ४० चालू, पुढच्या महिन्यात बंगळुरूला क्लास वन (व्यावसायिक वैमानिकाचं मेडिकल). आणि कोणीतरी सांगितलंय की चार दिवस आधी गोळी बंद कर, फॉर्मवर काही लिहू नकोस.

ज्याने हे सांगितलं त्याचं ऐकू नकोस. गोळी सोडलीस की बीपी चढणार आणि नेमकं तेच मोजलं जाणार. शिवाय माहिती दडवून मिळवलेलं लायसन्स पुढे कधीही अंगाशी येऊ शकतं.

तुझ्या केसमध्ये गोळीपेक्षा वय जास्त बोलणार. चाळिशीत बीपी निघालं तर कोणाला नवल वाटत नाही. २३ व्या वर्षी 'का?' हा पहिला प्रश्न. त्यामुळे किडनीची सोनोग्राफी आणि तिच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी, थायरॉइड, ईसीजी, इको, डोळ्यांचा पडदा हे सगळं बंगळुरूला जाण्याआधी इथेच फिजिशियनला विचारून करून घे. कारण सापडलं नाही आणि हृदय, किडनी, डोळे ठीक असतील तर तुझी बाजू भक्कम. टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्या वैमानिकांना साधारणपणे चालतात. क्लोनिडिनसारख्या मेंदूवर काम करणाऱ्या, सुस्ती आणणाऱ्या चालत नाहीत.

माझं सांगतो. छत्तिसाव्या वर्षी मेडिकलच्या रिन्यूअलला बीपी १५२/९६ आलं, टेम्पररी अनफिट, म्हणजे तात्पुरतं उडणं बंद. माझा दंड जाड, बीपी मोजायचा पट्टा नेहमीच्या मापाचा. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तू मोठा पट्टा मागून घे, लाजू नकोस. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय एकावर एक नको, अर्धा तास आधी चहा नको.

मग २४ तास बीपी मोजणारं मशीन लावलं. दिवसा ते ठरावीक वेळाने फुगतं आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला स्कूटरवर असतानाच फुगलं. गाडी बाजूला घेऊन खांबासारखा उभा राहिलो, मागचे हॉर्न वाजवत होते. रात्री बायकोचीही झोप गेली. पण निघालं खरंच बीपी, नुसती डॉक्टरची धास्ती नव्हे. गोळी सुरू झाली आणि पुन्हा फिट व्हायला काही महिने गेले. त्या काळात रविवारची मिसळ सुटली नाही, पापड आणि वरचा फरसाण मात्र सुटला.

डोस नुकताच बदलला असेल तर मेडिकलची तारीख पुढे घे. नवीन गोळी अंगवळणी पडली का, उठताना चक्कर येते का, हे आधी जमिनीवर कळू दे.

फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून आण: निदान कधी झालं, पहिलं रीडिंग किती, डोस कधी बदलला, आत्ता किती येतं. घरची वही असेल तर तीही, सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांसकट. सगळी रीडिंगं १४०/९० च्या बरीच खाली असली पाहिजेत. एखादं वर गेलेलं खोडू नकोस.