पहिली मस्टँग घेण्याआधी

फोर्डची १९६६ची मस्टँग गाडी घ्यायची म्हणतोस, छान! पण इंजिनाच्या आवाजावर भाळू नकोस. तिच्या २८९ व्ही-८ या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात. खिसा रिकामा करतो तो गंज. बघायला जाताना पाण्याची बाटली आणि लोहचुंबक घेऊन जा. काचेखालच्या, वायपरजवळच्या जाळीत पाणी ओत आणि डॅशबोर्डखाली वाकून बघ. आत थेंब टपकले, तर काउल, म्हणजे त्या जाळीखालचा पत्र्याचा कप्पा, सडलाय. तो बदलायचा म्हणजे कितीतरी स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, ड्रिलने काढायचे. पहिल्याच गाडीला हे काम अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीत नवा गालिचा पहिल्याच पावसात चपचपला होता. चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी समज.

दुरुस्ती करताना ब्रेक आधी, रंग शेवटी. १९६६पर्यंत या गाडीला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या नळ्यांत तेल ढकलणारा भाग, एकाच कप्प्याचा यायचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा बसवून घे. आणि सगळी गाडी एकदम खोलू नकोस रे! एक भाग काढ, फोटो घे, बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिही. दाराची बिजागरी सोडण्याआधी तिच्या कडेने मार्करने रेघ मार, म्हणजे दार परत त्याच जागी बसेल.