पॅरेंट पॉमची एकच जागा आणि दोन दावेदार

सप्रेम नमस्कार,

तुझ्या जावा प्रकल्पांना कंपनीचा पॅरेंट पॉम हवा आहे, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कचा ‘स्प्रिंग-बूट-स्टार्टर-पॅरेंट’ही हवा आहे आणि मॅव्हन हे बिल्डचे साधन एका पॉमला (प्रकल्पाचे वर्णन करणाऱ्या फाइलला) एकच पॅरेंट, म्हणजे जिच्याकडून मांडणी वारशाने मिळते अशी वरची फाइल, लावू देते. त्यावर उपाय म्हणून कंपनीच्या पॉममधला मजकूर प्रत्येक प्रकल्पात उतरवून घेण्याचा विचार तू पत्रात मांडला आहेस. तो कृपा करून सोडून दे. उद्या एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली, तर आवृत्ती कुठे बदलली आणि कुठे जुनीच राहिली, हे शोधण्यात तुझ्या सहकाऱ्यांचे दिवस जातील.

आधी दोन्ही पॅरेंटकडून नेमके काय मिळते ते वेगळे काढ. स्प्रिंगच्या पॅरेंटमधला सर्वांत मोठा ऐवज म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या असंख्य लायब्ररींच्या आवृत्त्या. त्या खरे तर त्याच्याही वरच्या ‘स्प्रिंग-बूट-डिपेंडन्सीज’ या पॉममध्ये आहेत आणि त्यांच्यासाठी पॅरेंटची जागा अडवण्याचे कारण नाही. मॅव्हन २.०.९ पासून ‘डिपेंडन्सी-मॅनेजमेंट’ या पॉममधल्या आवृत्त्या ठरवणाऱ्या भागात टाइप ‘पॉम’ आणि स्कोप ‘इम्पोर्ट’ लिहून असे कितीही पॉम इम्पोर्ट करता येतात. याउलट प्लगइनची (बिल्डमधली कामे करणाऱ्या जोड-साधनांची) मांडणी, प्रॉपर्टी (नाव दिलेली मूल्ये) आणि आर्टिफॅक्ट, म्हणजे बिल्डमधून तयार झालेल्या फायली, कुठे प्रकाशित करायचे ते पत्ते इम्पोर्टमधून येत नाहीत, ते वारशानेच खाली उतरतात. म्हणून माझे ठाम मत असे, की ती एकमेव जागा कंपनीच्या पॅरेंटला द्यावी आणि स्प्रिंगच्या आवृत्त्या इम्पोर्ट कराव्यात. कंपनीच्या पॅरेंटलाच स्प्रिंगचा वारस करणे सोपे वाटेल, पण मग स्प्रिंगशी काही संबंध नसलेल्या लहान लायब्ररीही त्याच्या आवृत्त्यांना बांधल्या जातात.

खरी काळजी मात्र या बदलात गळून पडणाऱ्या गोष्टींची घ्यावी लागते, कारण त्यांतल्या बहुतेक गळाल्या तरी बिल्ड यशस्वीच दिसतो. स्प्रिंगच्या प्लगइनचे ‘रिपॅकेज’ हे काम (तयार जार, म्हणजे जावाची गठ्ठा-फाइल, थेट चालवता येईल अशी पुन्हा बांधणे) पॅरेंटमुळे आपोआप जोडलेले असते; ते स्वतः लिहिले नाहीस, तर जार तयार होईल, पण चालवताना जारच्या मॅनिफेस्टमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) मुख्य क्लासची नोंद नाही अशी तक्रार येईल. कंपायलरला दिलेला ‘पॅरामीटर्स’ हा, मेथडच्या पॅरामीटरची नावे तयार कोडमध्ये जपणारा, पर्यायही तिथूनच येतो. स्प्रिंग फ्रेमवर्क ६.१ पासून पॅरामीटरची नावे लोकल व्हेरिएबलच्या डीबग माहितीवरून ओळखणे बंद झाले आहे, त्यामुळे हा पर्याय विसरलास, तर नाव न लिहिलेले पाथ व्हेरिएबल (यूआरएलमधून घेतलेले मूल्य) थेट विनंती आल्यावरच अडखळते. संरचनेच्या फायलींत दोन ‘ॲट’ चिन्हांमध्ये लिहिलेल्या प्रॉपर्टीही तशाच्या तशा राहतात, त्यांच्या जागी मूल्य भरले जात नाही.

सर्वांत फसवी गोष्ट आवृत्ती बदलण्याची आहे. स्प्रिंगचा पॅरेंट असताना एक प्रॉपर्टी बदलली की लायब्ररीची आवृत्ती बदलते. इम्पोर्ट केल्यावर तीच प्रॉपर्टी कोणतीही सूचना न देता निष्फळ ठरते. तिथे त्या लायब्ररीची नोंद स्वतःच्या ‘डिपेंडन्सी-मॅनेजमेंट’मध्ये, स्प्रिंगच्या नोंदीच्या वर, करावी लागते. दोन इम्पोर्ट केलेल्या पॉममध्ये एकच लायब्ररी असेल, तर आधी लिहिलेल्याची आवृत्ती लागू होते. त्यामुळे क्रम विचारपूर्वक ठरव आणि त्याचे कारण शेजारी टिप्पणीत लिहून ठेव.

हे प्लगइनचे तपशील प्रत्येक प्रकल्पात पुन्हा लिहू नकोस. कंपनीच्या पॅरेंटखाली स्प्रिंग वापरणाऱ्या प्रकल्पांसाठी दुसरा छोटा पॅरेंट कर आणि ते तिथे ठेव. वारशाची साखळी लांब असायला मॅव्हनची हरकत नसते. कोड तपासण्याचे नियम मात्र वेगळ्या जारमध्ये ठेवून प्लगइनची डिपेंडन्सी म्हणून जोडावेत.

सुरुवात एकाच प्रकल्पापासून कर. बदलाआधी आणि बदलानंतर ‘हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम’ (वारसा आणि इम्पोर्ट मिळून अंतिम पॉम कसा दिसतो ते दाखवणारी आज्ञा) चालवून दोन्ही फायली शेजारी ठेव आणि प्लगइनच्या भागातल्या ज्या फरकाचे कारण तुला सांगता येत नाही, तो मला पाठव. पुढचे प्रकल्प आपण त्यानंतरच हाती घेऊ.

कळावे.