विचार सुचतो एकाला, मूल्य ठरतं चारचौघांत

प्रश्न : नवे विचार आणि मूल्यं व्यक्तीकडून येतात की समाजाकडून? थोरांची चरित्रं वाचली की एक उत्तर मिळतं, समाजशास्त्र वाचलं की नेमकं उलटं. काय धरून चालावं?

उत्तर : विचार आणि मूल्य यांचा हिशेब आधी वेगळा करा. विचार सुचतो तो कुणा एकालाच, पण त्याचा कच्चा माल सामाईक असतो. डार्विन आणि वॉलेस या दोन निसर्गशास्त्रज्ञांना नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यातून जाती बदलत जातात ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत दोघांचं लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं. अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध दोघांनीही वाचला होता आणि दूरदेशी जाऊन प्राण्यांचे नमुनेही गोळा केले होते. डार्विन नसते तरी ही कल्पना फार काळ अडून राहिली नसती, असं आम्हाला वाटतं.

मूल्याचं तसं नाही. १६८८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या जर्मनटाउन इथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांनी तो वरच्या सभेकडे ढकलला आणि तिथेच तो पडून राहिला. याच पंथाच्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला मनाई केली ती १७७६ मध्ये. म्हणजे विचार मांडून झाल्यावर ८८ वर्षांनी.

प्रश्न : मग एवढा वेळ जातो तो समाज तयार नसतो म्हणूनच ना?

उत्तर : हा निष्कर्ष घाईचा आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं गणित पाहा. शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता रस्त्यावर उतरतो, दुसरा एकाला पाहून, तिसरा दोघांना पाहून, असं करत शेवटचा नव्व्याण्णवांना पाहून. शंभरही जण उतरतात. आता फक्त दुसऱ्या माणसात बदल करा : त्याला एकाऐवजी दोघं दिसायला हवेत. पहिला उतरतो आणि सगळं तिथेच थांबतं. बाकी नव्व्याण्णव जण होते तसेच आहेत, तरी बाहेरून बघणारा म्हणेल, एक माथेफिरू आणि उदासीन समाज.

कधी अडथळा विचाराच्या मांडणीतच असतो. व्हिएन्नातल्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्यांच्या प्रसूती विभागातले मातामृत्यू १८४६ मध्ये ११ टक्क्यांवर होते, ते १८४८ मध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास आले. तरीही बहुतेकांनी मानलं नाही. जंतूंचा सिद्धांत अजून रुजायचा होता, त्यामुळे 'असं का होतं' याचं पटणारं उत्तर नव्हतं. शिवाय ते मान्य करणं म्हणजे आपल्याच हातांनी बाया दगावल्या हे कबूल करणं. आणि सेमेलवाइस यांनी सविस्तर ग्रंथ काढला तो थेट १८६१ मध्ये. पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या, तिसरी होती.

तुमच्या गटात एखादं मूल्य रुजतंय का हे बघायचं तर 'पटतं का?' असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. 'किती जणांनी केल्यावर तुम्ही कराल?' असं एकेकट्याला विचारा आणि आकडे चढत्या क्रमाने मांडा. शून्य, एक आणि मग एकदम सहा असं आलं, तर काम त्या सहावाल्याकडे नाही. आधी दोन-तीनवाले जोडा.