कस्टमने अडवलेला जुना पोलीस बॅज: दाखल्याच्या मागे लागू नका

परदेशातून मागवलेली जुनी हेल्मेट प्लेट (पोलिसांच्या शिरस्त्राणावर पुढे लावायचा धातूचा बॅज) कस्टमने अडवली, 'पोलिसांची वस्तू आहे, सध्या वापरात नाही असा दाखला आणा' म्हणतात आणि तो दाखला कोण देतं ते कोणीच सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी नेमका याच फेऱ्यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. पावती जपा, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपा, हे तुम्ही करतच असाल.

तो दाखला शोधण्यात वेळ घालवू नका. माझ्या अनुभवात तसा दाखला कोणी देत नाही. मी आधी ज्या पोलीस दलाकडे विचारणा केली, त्यांनी 'आम्ही वस्तू प्रमाणित करत नाही' एवढंच कळवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. फोटोवरून कोण सही करेल? पण प्रश्न बदलल्यावर उत्तर मिळालं. 'ही वस्तू जुनी आहे का' असं न विचारता 'अमुक नावाचं दल कधी बंद झालं' असं विचारा. हा इतिहासाचा प्रश्न आहे, त्यामुळे अभिलेखागार किंवा पोलीस संग्रहालय त्याचं लेखी उत्तर देऊ शकतं. माझी प्लेट इंग्लंडमधल्या एका छोट्या बरो (म्हणजे एका शहरापुरत्या) पोलीस दलाची. १९६४च्या पोलीस कायद्यानंतर इंग्लंड आणि वेल्समधल्या ११७ दलांची ४९ झाली, त्यात हे दल विलीन झालं. जे दल अस्तित्वातच नाही त्याचा बॅज चालू वापरात असणार कसा, एवढं एक वाक्य तारखेसकट कागदावर आलं की तुमची बाजू भक्कम होते.

आता त्या कस्टम कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही. त्यांनी प्लेटवरचा मुकुट पाहिला आणि तो ब्रिटनच्या सध्याच्या राजाच्या चिन्हासारखा आहे म्हणून वस्तू नवी ठरवली. हा घोळ कोणाचाही होऊ शकतो. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात; त्याआधीच्या राजांच्या ट्यूडर मुकुटाच्या कमानी गोल वर चढतात. सध्याचा राजा तिसरा चार्ल्स याने २०२२मध्ये पुन्हा ट्यूडर धाटणीचाच मुकुट निवडला. त्यामुळे 'राजाचा मुकुट आहे, म्हणजे १९५२च्या आधीचं' हा संग्राहकांचा जुना आडाखा आता एकटा पुरत नाही. माझ्या प्लेटच्या मध्यभागी 'जी-व्ही-आय-आर' ही गुंफलेली अक्षरं होती (जी म्हणजे जॉर्ज, व्ही-आय म्हणजे रोमन सहा, आर म्हणजे रेक्स, अर्थात राजा), म्हणजे सहावा जॉर्ज, १९३६ ते १९५२. हे मी भिंगातून काढलेल्या फोटोसह लिहून दिलं. तरी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. प्रत्येक जण नवा कागद मागायचा, पण मागणी लेखी द्या म्हटलं की गप्प. माझा खरा संताप याच गोष्टीवर आहे. शंका घेणं त्यांचं कामच आहे. पण काय हवंय ते लिहून न देता माणसाला नुसतं ताटकळत ठेवणं हा अन्याय आहे. म्हणून तुम्ही प्रत्येक अर्जाची पोच घ्याच, आणि तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी 'आपण असं सांगितलंत' असा ईमेल टाका. शेवटी माझं पार्सल सुटलं ते एका पानाच्या टिपणावर: पुढचा फोटो, मागचा फोटो, अक्षरांचा फोटो, दल विलीन झाल्याचं अभिलेखागाराचं पत्र आणि वस्तू फक्त संग्रहासाठी आहे हे निवेदन.

मी वकील नाही, आणि कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत पोलीस बॅजच्या व्यवहारावर संघराज्याचा कायदा आहे, पण त्यात संग्रहासाठी किंवा स्मृतिचिन्ह म्हणून ठेवलेल्या बॅजला बचाव दिलेला आहे. सगळीकडे तसं असेलच असं धरून चालू नका. माझं मत कडक वाटेल, पण नव्या माणसाने सुरुवातीला विसर्जित दलांचेच बॅज घ्यावेत: रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी (ब्रिटिश राजवटीतलं आयर्लंडचं पोलीस दल, १९२२ला बरखास्त), पॅलेस्टाइन पोलीस (१९४८ला संपलं) अशी. मात्र प्रसिद्ध दलांच्या नकलाही निघतात. ठशाने दाबलेल्या अस्सल बॅजवर अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेवर त्या बोथट होतात आणि पृष्ठभागावर बारीक भोकं दिसतात.

एक गोष्ट मात्र आजच करा: वस्तू कशात ठेवली आहे ते लेखी विचारा. माझी प्लेट तिथे मऊ पीव्हीसीच्या पिशवीत पडून होती. हातात आली तेव्हा मागच्या पितळी कड्यांच्या मुळाशी हिरवा, बोटाला चिकटणारा थर धरला होता, आणि एका कडीखाली धातू खरवडल्यासारखा खडबडीत झाला होता. ते नुकसान भरून येत नाही. मऊ पीव्हीसीतून कालांतराने आम्लयुक्त द्रव्य सुटतं आणि ते तांब्याला, पितळेला खातं. पॉलिएस्टरची पिशवी किंवा आम्लरहित कागद वापरा, अशी विनंती अर्जातच घाला.

तुमच्या प्लेटवरही असा थर आला असेल तर ब्रासो लावू नका, त्याने जुनी झाक कायमची जाते. शुद्ध अ‍ॅसिटोन कापसाच्या बोळ्यावर घेऊन फक्त उघड्या धातूवर हलक्या हाताने फिरवा, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब. रंग, लाख किंवा रेझिन असलेल्या भागाला ते लागू देऊ नका. मीनाकाम आहे की नुसता रंग याची खात्री नसेल, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.