अमेरिकेत कारखाना टाकायचा तर कर कमी असलेलं राज्य निवडावं का?

तुमचा प्रश्न असा: पंपांची जुळणी करणारा पन्नास माणसांचा कारखाना अमेरिकेत टाकायचा आहे. टेक्सासात आयकर नाही, ओहायो सवलत देऊ करतंय आणि कुणीतरी डेलावेअरमध्ये नोंदणी करा म्हणतंय. मग जावं कुठे?

डेलावेअरचं आधी निकालात काढू. तिथे नोंदणी करण्याची खरी कारणं म्हणजे तिथला कंपनी कायदा आणि त्यासाठीचं खास न्यायालय. काम ज्या राज्यात चालतं तिथला कर त्या नोंदणीनं चुकत नाही. उलट डेलावेअरचा वार्षिक फ्रँचायझी टॅक्स, म्हणजे तिथे कंपनी नोंदलेली असल्याबद्दलचा कर, वरून भरावा लागतो. वकिलाला किंवा गुंतवणूकदाराला हवी असेल तर तिथे नोंदणी करा, कर वाचवायला नको.

मी अकरा वर्षं यंत्रभाग बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. वेगवेगळ्या राज्यांची विवरणपत्रं भरणं हे माझं काम होतं. लोक सगळ्यात आधी आयकराचा दर विचारतात, पण कारखान्याची जागा ठरवताना त्याचं वजन वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. नफ्यातला आपला वाटा काढताना बहुतेक राज्यं आता फक्त विक्री बघतात. पूर्वी मालमत्ता आणि पगारही त्या हिशेबात धरायचे. समजा, तुमचा 80 टक्के माल बाहेरच्या राज्यांत जातो. मग कारखान्याच्या राज्याला कर लावायला तुमचा साधारण 20 टक्केच नफा मिळतो. बाकीच्या नफ्यावरचा कर गिऱ्हाईक जिथे आहे तिथे. तिथे तुम्ही फक्त मालाच्या ऑर्डरी मिळवत असाल, तर 1959 च्या संघीय कायद्यामुळे ते राज्य बऱ्याचदा आयकर लावू शकत नाही. मात्र अशी कुठेच कर न लागलेली विक्री काही राज्यं परत स्वतःकडे ओढून घेतात, म्हणून ‘थ्रोबॅक’चा नियम आहे का हे आधी विचारा.

मालमत्ता कराचं तसं नाही, तो कारखान्याला चिकटलेलाच असतो. टेक्सासात आयकर नाही, पण शाळा आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे भाग) मुख्यतः मालमत्ता करावर चालतात. तो कर नुसत्या इमारतीवर नाही, यंत्रांवर आणि गोदामातल्या मालावरही लागतो. (थोडा काळ ठेवून राज्याबाहेर पाठवलेल्या मालाला सूट आहे, पण सगळीकडे नाही.) शिवाय राज्याचा मार्जिन टॅक्स, म्हणजे उलाढालीतून ठरावीक खर्च वजा करून उरलेल्या रकमेवरचा कर, वेगळा. ओहायोनं यंत्रं आणि मालसाठ्यावरचा कर 2005 च्या सुधारणेनंतर टप्प्याटप्प्यानं बंद केला. तिथे कंपन्यांना राज्याचा आयकरही नाही. त्याऐवजी उलाढालीवर 0.26 टक्के कर आहे, आणि 2025 पासून तोही 60 लाख डॉलरच्या वरच्या उलाढालीवरच. पण तिथली बरीच शहरं नफ्यावर आणि पगारावर स्वतःचा आयकर लावतात, कोलंबसमध्ये तो 2.5 टक्के आहे. म्हणजे ‘करमुक्त टेक्सास’ आणि ‘कर लावणारं ओहायो’ हे चित्र यंत्रं आणि साठा जास्त असलेल्या कारखान्यासाठी सरळ उलटं होऊ शकतं. वॉशिंग्टन राज्याचा बी अँड ओ टॅक्सही उलाढालीवर असतो, त्यामुळे तोट्याच्या वर्षातही तो भरावाच लागतो. नव्या कंपनीला हे फार जड जातं.

आता सवलती. मला सगळ्यात जास्त पोटतिडकीनं सांगायचंय ते इथे. आमच्या कंपनीनं एका राज्याकडून रोजगारासाठी कर-क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून वजा होणारी रक्कम, घेतलं. 60 नोकऱ्यांचं वचन दिलं होतं. पहिली तीन वर्षं तोटा होता, म्हणजे करच नव्हता. क्रेडिट रोखीत परत मिळणारं नव्हतं, त्यामुळे ते नुसतं कागदावर राहिलं. चौथ्या वर्षी नफा आला, क्रेडिट वापरलं, आणि त्याच वर्षी माणसं 41 वर अडकली. वसुलीचं पत्र आलं. त्या वर्षीचा ताळेबंद मला स्वतःला दोनदा नव्यानं मांडावा लागला, म्हणून कळकळीनं सांगतो: आकडा कितीही मोठा असो, क्रेडिट रोखीत मिळतं का आणि वचन चुकलं तर किती परत द्यावं लागतं, ही दोन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका. अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. 2017 च्या संघीय कर कायद्यानंतर सरकारनं दिलेली रोख मदत किंवा जमीन ‘भांडवलात आलेली रक्कम’ म्हणून करातून सुटत नाही. दहा लाख मिळाले तर त्यातून संघीय कर वजा करूनच हिशेब मांडा.

मोठ्यांचीही उदाहरणं आहेत. विस्कॉन्सिन राज्यानं 2017 मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला 13,000 नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे 300 कोटी डॉलर देऊ केले. 2021 मध्ये नवा करार झाला तेव्हा त्यात 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलर उरले. ॲमेझॉनच्या दुसऱ्या मुख्यालयासाठी 238 प्रस्ताव आले होते. न्यू जर्सीनं आपल्या नेवार्क शहरासाठी 700 कोटी डॉलरपर्यंतची तयारी दाखवली, तरी नेवार्क निवडलं गेलं नाही. निवड झालेल्या व्हर्जिनिया राज्याची थेट मदत कितीतरी कमी होती आणि त्या राज्यानं तंत्रज्ञान शिक्षणावर मोठा खर्च करायचं कबूल केलं होतं. कुशल माणसं मिळण्याची खात्री कंपनीला हवी असते, हे त्या राज्याला कळलं होतं. अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांचा अंदाज आहे की सवलत घेतलेल्या कंपन्यांपैकी फार तर 25 टक्क्यांचा निर्णय सवलतीमुळे फिरतो. बाकीच्या तशाही तिथेच गेल्या असत्या.

तरीही सवलत मागा, लाजू नका. फक्त क्रम चुकवू नका. बऱ्याच योजनांमध्ये ‘मदतीशिवाय आम्ही इथे येणार नाही’ असं लिहून द्यावं लागतं. जागेचा करार आधी केला किंवा बातमी आधी फोडली, तर पात्रताच जाते. आणि पन्नास माणसांचा पगार मांडताना बेकारी विम्याचा कर धरा. फ्लोरिडात तो माणशी पहिल्या 7,000 डॉलर पगारावर लागतो, वॉशिंग्टनमध्ये 2025 साली 72,800 डॉलरपर्यंत. कामगारांच्या अपघात विम्याबाबतही ओहायोत खासगी विमा कंपनीचा पर्याय नाही, तो सरकारी निधीतूनच घ्यावा लागतो.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही राज्यांतली एकेक प्रत्यक्ष जागा धरून दहा वर्षांचा तक्ता मांडला असता. पहिली तीन वर्षं तोट्याची धरायची आणि सवलतीची ओळ शेवटपर्यंत रिकामी ठेवायची. त्याआधी दोन्ही ठिकाणच्या वीज कंपनीकडून एक लेखी उत्तर घ्या: या जागेवर तुम्हाला हवी तेवढी वीज किती महिन्यांत मिळेल? आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजला (कामाचं कौशल्यही शिकवणारं स्थानिक कॉलेज) फोन करून विचारा, दर वर्षी किती फिटर आणि वेल्डर बाहेर पडतात आणि त्यांना आत्ता कोण घेतं.